दोघांत एक पासवर्ड

भिकनराव सोनवण्यांच्या घरी जेवायला बसलेला पाहुणा पहिला घास घ्यायच्या आधी एकदा तरी थबकायचा. ताटाच्या काठावर ४१७. वाटीच्या बुडाशी ४१७. तांब्यावर, पळीवर, चहाच्या गाळणीच्या दांडीवर, जिकडे बघावं तिकडे ४१७. इतरांच्या घरी भांड्यांवर नावं असतात, कोणी कोणाला सप्रेम भेट दिली ते असतं. इथे नुसता आकडा.

"भिकनराव, तुम्ही जेलरोडला राहता ते ठाऊक होतं," शेजारचे दत्तू गांगुर्डे एकदा रिकामी वाटी उलटी करून म्हणाले, "पण कैद्याचा नंबरही मिळालाय हे नव्हतं ठाऊक."

आकड्याची गोष्ट साधी होती. ओझरच्या विमान कारखान्यात भिकनराव एकतीस वर्षं हत्यारांच्या खोलीत होते. तिथे प्रत्येक कामगाराचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला असायचा. पाना हवा तर बिल्ला द्यायचा, पान्याच्या जागी खिळ्याला बिल्ला लटकायचा. पाना परत आला की बिल्ला परत. संध्याकाळी खिळ्यावर एक जरी बिल्ला राहिला तरी सगळ्यांनी थांबायचं, कारण तो पाना कुठे आहे ते कळल्याशिवाय विमानाचं चाक हलवायचं नाही. मोजणारा एक आणि पुन्हा मोजणारा दुसरा. आणि तपासून झालेल्या हत्यारावर भिकनराव पोलादी टोकाच्या कोरणीने आपला नंबर कोरायचे. एकतीस वर्षांत त्यांच्या खोलीतली एक सुईसुद्धा हरवली नाही. हे ते कोणाला सांगत नसत, पण कोणी विचारलं तर पाऊण तास सांगत.

अठ्ठ्याण्णवमध्ये निवृत्त होताना त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. कोरणी आणि जुना बिल्ला त्यांनी साहेबांची रीतसर सही घेऊन घरी आणला. बिल्ला दिवाणखान्यात खिळ्याला लागला. कोरणी मात्र हातात शिवशिवत राहिली, आणि महिन्याभरात स्वयंपाकघरात न कोरलेला चमचा उरला नाही.

पुढच्या वर्षी त्यांची मुलगी आशा नवऱ्याबरोबर मस्कतला गेली आणि जाताना आईवडिलांना कॉम्प्युटर घेऊन देऊन गेली. तो बिल्ल्याच्या समोरच्या भिंतीशी टेबलावर बसला. टेलिफोनची वायर त्याला जोडली की तो आधी किंचाळायचा, मग घरघरायचा, आणि मग मस्कतहून नातीचे फोटो यायचे. एक फोटो यायला चहा उकळून, गाळून, पिऊन होण्याइतका वेळ लागे. आधी टाळू दिसायची, मग कपाळ, मग डोळे. वत्सलाबाई, म्हणजे भिकनरावांची बायको, डोळ्यांपर्यंत आलं की म्हणायच्या, "नाक माझ्यावर असू दे रे देवा."

दोन हजार सालच्या मे महिन्यात एका सकाळी दत्तू गांगुर्ड्यांची मेल आली. मथळ्यात इंग्रजीत लिहिलं होतं, माझं तुझ्यावर प्रेम आहे. सोबत एक पत्र जोडलेलं होतं.

दत्तू गांगुर्डे म्हणजे कारखान्यातले फोरमन. मिशा अशा की त्यांच्या मागे उभं राहिलं तरी दोन्ही बाजूंनी दिसाव्यात. भिकनराव पाच मिनिटं पडद्याकडे बघत राहिले.

"काय म्हणतात गांगुर्डे?" वत्सलाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"काही नाही."

"मग कान का लाल झालेत?"

अखेर उत्सुकता जिंकली. भिकनरावांनी जोडलेलं पत्र उघडलं. पत्रबित्र काही नव्हतं, तो व्हायरस होता. त्याने कॉम्प्युटरमधले नातीचे सगळे फोटो, टाळूसकट, खलास केले. तेवढ्यावर तो थांबला नाही. भिकनरावांच्या वहीतले जितके पत्ते होते तितक्या सगळ्यांना त्याने तेच प्रेमपत्र भिकनरावांच्या नावाने धाडून दिलं. सोसायटीच्या चेअरमनला गेलं. इन्शुरन्सवाल्याला गेलं. खालच्या मजल्यावरच्या सत्तर वर्षांच्या अक्काबाईंना त्यांच्या नातवाच्या पत्त्यावर गेलं. अक्काबाई दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा पदर सावरून म्हणाल्या, "भिकनराव, तुमचा निरोप पोचला. पण आता या वयात काय!"

फोटो आशाने पुन्हा पाठवले. पण भिकनरावांच्या काळजाला घर पडलं. एकतीस वर्षांत सुई न हरवलेला माणूस, आणि त्याच्या ताब्यातून सबंध नात नाहीशी झाली! त्या दिवसापासून घरातला कॉम्प्युटर हा कॉम्प्युटर राहिला नाही, ते उड्डाणाला उभं असलेलं विमान झालं.

काम संपलं की टेलिफोनची वायर काढून खिळ्याला टांगायची. व्हायरस पकडणारा प्रोग्राम दर मंगळवारी ताजा करायचा. तोपर्यंत फोन अडकणार, म्हणून मंगळवारी दहा ते अकरा कोणी आजारी पडायचं नाही. बाहेरून आलेली फ्लॉपी आधी लाल चिठ्ठी लावलेल्या डब्यात ठेवायची, आणि तपासल्याशिवाय घरात घ्यायची नाही. ओळखीच्या माणसाची मेल असली तरी सोबतचं काही उघडण्याआधी त्या माणसाला विचारून यायचं. ही विचारपूस भिकनराव स्वतः करत. मनमाडच्या मेहुण्याने सत्यनारायणाचं निमंत्रण मेलने पाठवलं, तर त्याला फोन करून विचारलं, "तुम्ही खरंच पूजा घालताय ना?"

सगळ्यात मोठा नियम पासवर्डचा. कारखान्यात एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, तसं इथेही एकट्यावर भरवसा ठेवायचा नाही. म्हणून कॉम्प्युटर सुरू करण्याच्या पासवर्डचे दोन भाग केले. पहिला भाग भिकनरावांचा, दुसरा वत्सलाबाईंचा. एकाने बोटं चालवायची तेव्हा दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. कागदावर लिहायचं नाही. कोणाला सांगायचं नाही, एकमेकांनाही नाही. फोनवर तर नाहीच नाही, समोरून प्रत्यक्ष ब्रह्मदेव बोलत असला तरी.

"आणि समोरून तुम्ही बोलत असलात तर?" वत्सलाबाईंनी विचारलं होतं.

"तरी नाही. आवाजाची नक्कल कोणीही करतं."

वत्सलाबाईंना या कॉम्प्युटरची ओढ नातीपुरतीच होती असं नाही. त्या इगतपुरीकडे अकरा वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. तिथे भातलावणीला वाकलेल्या बाया जी गाणी म्हणत, ती त्यांनी वह्यांत उतरून घेतली होती. सगळ्यात जास्त गाणी फुलाबाईंची. फुलाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण एकदा सूर लागला की बांधाच्या पलीकडच्या बाया हात थांबवून ऐकत. आता त्यांनी ऐंशी ओलांडली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज तसाच. "बाई, माझी गाणी छापून आली तर मला हातात धरायला मिळतील का?" असं त्यांनी एकदा विचारलं, आणि वत्सलाबाई हो म्हणून बसल्या.

तिकडच्या पावसाने वह्यांची निम्मी पानं आधीच खाल्ली होती. म्हणून त्यांनी दोन वर्षं रोज दुपारी एकेक गाणं, पुसट शब्द आठवत, फुलाबाईंना गाठून विचारत, कॉम्प्युटरवर टाइप केलं. एकशे शहाण्णव गाणी. रविवार कारंज्यावरच्या एका छापखान्याने छापायचं कबूल केलं. दोन हजार चारच्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत मजकुराची सीडी दिली तर पुढच्या रविवारी पुस्तक तयार. त्याच रविवारी फुलाबाईंच्या गावच्या शाळेत कार्यक्रम ठरला. सोमवारी फुलाबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला त्यांचा मुलगा घेऊन जाणार होता, आणि म्हातारीने ठणकावून सांगितलं होतं, "आधी पुस्तक. मंग डोळं. आपरेशनात काय झालं तर?"

याच शनिवारी मनमाडला वत्सलाबाईंच्या भाचीची, मंजुषाची हळद होती. शुक्रवारी दोघांनी मिळून कॉम्प्युटर उघडला, सीडी तयार केली, वत्सलाबाईंनी तिच्या वरच्या बाजूला मोत्यासारख्या अक्षरांत पुस्तकाचं नाव लिहिलं.

"एवढी सीडी द्यायची. विसरणार नाही ना?"

"मी?" भिकनराव म्हणाले. "एकतीस वर्षांत..."

"सुई. माहितीये." आणि त्या गेल्या.

शनिवारी साडेअकराला भिकनराव स्कूटरवर छापखान्यात पोचले. टाइप लावणारा ज्ञानेश नावाचा तरणा माणूस होता. त्याने सीडी मशीनमध्ये घातली. मशीन कण्हलं, थांबलं, पुन्हा कण्हलं. ज्ञानेशने सीडी बाहेर काढून उजेडात धरली.

"काका, ही खरवडली कोणी?"

"खरवडली नाही," भिकनराव अभिमानाने म्हणाले. "कोरलीय. तपासून ओके केल्याची खूण आहे."

चकचकीत बाजूवर, काठापासून मध्यापर्यंत, पोलादी टोकाने खोल कोरलेलं होतं: ४१७.

"वरच्या बाजूला हिने अक्षर काढलं होतं," भिकनराव समजावू लागले. "ते कशाला खराब करा, म्हणून मी मोकळ्या बाजूला..."

"काका, गाणी त्या मोकळ्या बाजूनेच वाचायची असतात."

भिकनरावांचा चेहरा गाळणीसारखा झाला, सगळं रक्त खाली. पण क्षणभरच. ते काय लेचेपेचे होते? गेले अकरा शनिवार या गाण्यांची एक जादा सीडी काढून ते कपाटात कुलपात ठेवत. अकरा सीड्या होत्या! ते स्कूटर पिटाळत घरी आले, कुलूप काढलं, डबा उघडला. पहिली सीडी उलटी केली. ४१७. दुसरी. ४१७. अकराव्या सीडीवर तर ४१७ च्या खाली एक रेघही ओढलेली होती, कारण त्या दिवशी तपासणी फारच समाधानकारक झाली होती.

आता गाणी फक्त कॉम्प्युटरच्या पोटात होती, आणि पोटाला दोन कुलपं. एक किल्ली भिकनरावांपाशी, दुसरी मनमाडला हळद कुटत होती. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो सोमवारी येतो म्हणाला. घड्याळात साडेबारा. भिकनरावांनी मनमाडचा नंबर फिरवला.

फोन वत्सलाबाईंच्या धाकट्या बहिणीने, विमलाबाईंनी उचलला. मागे बायकांचा कल्ला होता.

"अय्या, दाजी! आला का नाहीत हळदीला?"

"ताईला दे. लवकर."

वत्सलाबाई आल्या. भिकनरावांनी एका दमात सगळं सांगितलं. कोरण्याचा भाग जरा पुसट करून सांगितला. शेवटी म्हणाले, "तर तुझा अर्धा सांग."

पलीकडून प्रश्न आला, "कोण बोलतंय?"

"अगं, मी!"

"मी म्हणजे?"

"वत्सला, चेष्टा करायची वेळ नाही. मी बोलतोय, भिकन!"

"मागच्या महिन्यातही असाच एक फोन आला होता," वत्सलाबाई सावकाश म्हणाल्या. "कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय म्हणाला. गोड आवाज. पासवर्डचं विचारत होता. मी नुसतं 'अहो, माझ्याकडे अर्धाच आहे' एवढं बोलले, तर तो माणूस कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून बाहेर पडून तडक माझ्याच घरी आला. आणि अक्काबाईंच्या देखत मला अर्धा तास सुनावलं. आठवतं का, कोण होता तो?"

भिकनरावांना आठवत होतं. परीक्षा त्यांनीच घेतली होती, नाकाला रुमाल लावून.

"तेव्हा आवाज बदलला होता, आज नाही बदलला, एवढाच फरक," वत्सलाबाई म्हणाल्या. "मी कशी ओळखू?"

"मग विचार काही. मला एकट्यालाच माहीत असेल असं विचार!"

मागचा कल्ला एकदम बंद झाला. वीस बायकांनी कान दिले असणार.

"मला बघायला आलात तेव्हा पोह्यांत काय कमी होतं?"

"मीठ."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"छान झालेत म्हणालो. दोनदा घेतले."

तिकडे हशा उसळला. विमलाबाई ओरडल्या, "ताई, पोहे मी केले होते तेव्हा!"

"साडी कुठल्या रंगाची होती?"

भिकनरावांनी डोळे मिटले. पान्याचे सतरा आकार त्यांना झोपेत सांगता आले असते. "हिरवी?"

"मोरपंखी. नापास."

"वत्सला, अगं फुलाबाईंचं पुस्तक आहे!"

आता पलीकडचा आवाज बदलला. "ते कळतंय मला. गाणी माझी, नियम तुमचा. दोन्ही राखते. पण या वीस जणींसमोर माझा अर्धा मी मुळीच बोलायची नाही. मीच येते. सव्वादोनला गाडी आहे." आणि फोन ठेवला.

भिकनरावांनी ती दुपार घालवली की दुपारीने त्यांना घालवलं, सांगता येणार नाही. ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि आपला अर्धा भाग टाकून पुढे वत्सलाबाईंचा अंदाज करू लागले. नातीचं नाव. नाही. शाळेचं नाव. नाही. फुलाबाई. नाही. मोरपंखी. नाही. मांजराचं नाव, कुळदैवत, आवडती भाजी. दत्तू गांगुर्डे मदतीला आले आणि त्यांनी स्वतःचं नाव सुचवलं. भिकनरावांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तरी टाकून बघितलं. नाही. समाधानाचा एक कणही मनात होता, तो असा की पासवर्ड फारच मजबूत निघाला.

पावणेपाचला दारात रिक्षा थांबली. वत्सलाबाई उतरल्या. डावा गाल हळदीने पिवळाधमक, उजवा कोरा. हळद लावायला सुरुवात झाली तशाच त्या उठून आल्या होत्या. स्टेशनपासून घरापर्यंत बघणाऱ्यांना नवरी पळून आली असं वाटलं असेल, फक्त चाळीस वर्षं उशिरा.

"त्यात गाडीला उशीर," त्या धापा टाकत म्हणाल्या. "किती वाजले?"

भिकनरावांनी आपला अर्धा भाग टाकला. त्या भिंतीकडे वळल्या. मग त्या बसल्या. "व्हा तिकडे तोंड करून."

भिकनराव वळले. समोर भिंत, भिंतीवर खिळा, खिळ्यावर बिल्ला. पाठीमागे कळा वाजल्या. टक. टक. टक. आणि मग मोठी कळ, धप्प. कॉम्प्युटर गुरगुरून उघडला.

एकतीस वर्षं हत्यारं मोजलेल्या कानाने हिशोब केला. "इतकंच?" ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "तीनच?"

भिकनरावांची नजर बिल्ल्यावर होती. बिल्ला त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर गेली सहा वर्षं लटकत होता. त्यावर तीन आकडे होते.

ते हळूच वळले. वत्सलाबाई सीडी घालण्यात अगदी गुंतलेल्या होत्या. त्यांचा उजवा गाल आता डाव्याच्या वरताण रंगला होता.

"वत्सला! चारशे सतरा?"

"वीस बायकांसमोर सांगायला हवं होतं का?"

भिकनरावांच्या आतला नवरा विरघळून चालला होता, पण आतला तपासनीस खवळून उठला. "अगं, पण हे प्रत्येक चमच्यावर आहे! घरात चहा प्यायलेल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे! गाळणीवर आहे! सबंध नाशकात याहून कच्चा पासवर्ड सापडायचा नाही!"

"तुम्हाला सापडला का?" वत्सलाबाई म्हणाल्या. "सगळी दुपार बसला होतात ना?"

दत्तू गांगुर्डे कोचावर आडवे होऊन हसत होते. भिकनरावांनी त्यांना बाहेर काढलं, कारण पासवर्ड आता तिसऱ्या माणसाला कळला होता.

सीडी भरून बाहेर आली. भिकनरावांचा हात सवयीने खिशात गेला. कोरणीचं टोक बाहेर येतं न येतं तोच वत्सलाबाईंनी ती हातातून काढून घेतली आणि पर्समध्ये टाकली. चेन लावली. पर्स काखेत धरली.

"स्कूटर काढा."

जेलरोड ते रविवार कारंजा. लोक वळून बघत होते. पुढे हेल्मेटमध्ये घामेजलेला माणूस, मागे अर्धी पिवळी बाई, आणि तिने दोन्ही तळव्यांत पापड धरावा तशी धरलेली सीडी. सहाला सात मिनिटं असताना ज्ञानेशने ती मशीनमध्ये घातली. मशीन कण्हलं नाही. पडद्यावर पहिलं गाणं उमटलं आणि वत्सलाबाईंनी तिथेच, खुर्चीला टेकून, पहिली ओळ मोठ्याने म्हटली. ज्ञानेश त्यांच्या गालाकडे बघत म्हणाला, "काकू, लग्न कोणाचं आहे?"

त्याच संध्याकाळी घरी येऊन भिकनरावांनी पासवर्ड बदलायला लावला. आपला अर्धा भागही त्यांनी बदलला. तो आधी काय होता, हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही. ते भिंतीकडे वळले तेव्हा मागे सहा टकटक झाल्या. सहा! त्यांनी अंदाज करायचा नाही असं ठरवलं, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ते पाळलंही.

पुढच्या रविवारी शाळेच्या पटांगणात फुलाबाईंच्या हातात पुस्तक दिलं. म्हातारीने ते आधी हुंगलं. मग पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली.

"माझं नाव कुठं हाय, बाई?"

वत्सलाबाईंनी त्यांचं बोट धरून पहिल्या पानावर, नावावर ठेवलं.

"हात लावून कळत न्हाय," फुलाबाई म्हणाल्या. "भांड्यावरचं कसं बोटाला लागतं. ह्ये लय गुळगुळीत हाय. आन कुणी नेलं तर वळखायचं कसं?"

पटांगणात हसू पसरलं. भिकनराव दुसऱ्या रांगेत खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते, पण उठायची हिंमत त्यांना होत नव्हती. वत्सलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काखेतली पर्स पुढे घेतली, चेन उघडली आणि कोरणी काढून समोर धरली.

"या," त्या म्हणाल्या. "पुठ्ठ्यावर कोरा. नाव त्यांचं. आकडा नाही."

भिकनराव आले. मांडीवर पुस्तक घेऊन, जीभ दातांत धरून, त्यांनी जाड पुठ्ठ्यात एकेक अक्षर खोल उतरवलं. फुलाबाईंनी त्यावरून बोट नेलं, पुन्हा नेलं, आणि म्हणाल्या, "हां. आता माझं झालं." आणि तिथेच, कार्यक्रमपत्रिकेत नसताना, भातलावणीचं गाणं सुरू केलं.